शेवटी उरलेला बँड

माझ्या दाजींच्या अनगोळच्या घरात, सोफ्याच्या बरोबर वर, एक फुटकी झांज लाकडी पाटीवर ठोकून लावलेली होती. आल्यागेल्याला ते ती कौतुकानं दाखवायचे. ज्या खेळात त्यांनी ती जिंकली, तो खेळ आमच्याच घरात, निपाणीत सुरू झाला. आणि त्याच दिवशी, त्याच खोलीत त्यांनी माझ्या वडिलांचा जो अपमान केला, तो मी वर्षभर लोणच्यासारखा मुरवत ठेवला. मी काही मोठ्या मनाची बाई नाही, आणि तसं कुणी म्हणावं अशी माझी इच्छाही नाही.

खेळ असा. क्रिकेटवाले मोबाइलवर आपापला संघ लावतात. हा खेळाडू माझा, तो तुझा, आणि खऱ्या सामन्यात तो जसा खेळेल तसे आपल्याला गुण. दाजींना त्याचा भारी नाद. श्रावणातल्या एका रविवारी ते आणि माझी बहीण आक्का आमच्याकडे जेवायला आले होते, तेव्हा जेवून हात पुसता पुसता ते म्हणाले, "ह्योच खेळ आपण वाजवणाऱ्यांचा का खेळू नये? गणपती तोंडावर आलाय. बेंजो, झांजपथकं, बँड, सगळी वाटून घ्यायची. ज्याचं जास्त गाजंल त्यो जिंकला."

कल्पना चांगली होती. हे मी आजही नाकारत नाही.

वाजप ऐकायला चार गावं पालथी घालणारी माणसं आमच्या ओळखीत होतीच. पुढच्या रविवारी आम्ही पाच जण जमलो. दाजी. त्यांचा कंग्राळीचा मित्र, जो सकाळी शेत बघतो आणि दुपारी कारखान्यात पाळी करतो. कोगनोळीचे गुरुजी, शाळेत गणित शिकवणारे. निपाणीच्या बाजारात भांड्यांचं दुकान असलेले आण्णा, जे आमच्याशी मराठीत आणि स्वतःशी कानडीत बोलतात. आणि मी. मी एका दवाखान्यात केसपेपर काढते, पण लांबून वरात येत असली तर ताशावर कुणाचा हात आहे ते मला खिडकीत बसून कळतं.

हा कान आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आबा आमच्या गल्लीतल्या बँडचे मास्तर. क्लॅरिनेट वाजवतात. दाजी त्यांना मामा म्हणतात, म्हणून बाकीचेही मामाच म्हणतात. एके काळी लग्नसराईत ते घरी नुसते झोपायला यायचे. आता लग्नांना लोकांना छातीत धडधडणारे स्पीकरचे बॉक्स लागतात. आबांच्या बँडला बोलावणं यायचं ते बहुतेक एखादं म्हातारं माणूस पिकल्या वयात गेलं की. अशा माणसाला आमच्याकडे वाजतगाजत नेतात. तरी आबा रोज संध्याकाळी अंगणाकडच्या खिडकीत बसून तासभर फुंकायचे. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, आबांचं सुरू झालं, आता कुकर लावा.

खेळाचे नियम त्याच दिवशी ठरले. प्रत्येकानं चार चार वाजवणारे निवडायचे. एकानं घेतलेला दुसऱ्याला मिळणार नाही. लोकांनी तेच गाणं पुन्हा वाजवायला लावलं तर गुण. मराठी आणि कानडी दोन्ही गाण्यांवर गर्दी नाचवली तर जादा गुण. पुराव्याला व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा. स्वतःच्या रक्तातल्या माणसाचा बँड घ्यायचा नाही, कारण गुरुजींचा पुतण्या एका झांजपथकात होता आणि आण्णांना त्यात पक्षपाताचा वास आला. जावई त्यात धरायचा का, असा प्रश्न निघाला. जावई काय, दुसऱ्या घरचा, असं म्हणून दाजींना मोकळीक मिळाली. शेवटचे दोन नियम दाजींचे. एक, मयतीत वाजवलेलं धरायचं नाही. दोन, जो जिंकेल त्यानं पुढच्या वर्षी सगळ्यात शेवटी निवडायचं. हा दुसरा नियम त्यांनी मोठ्या दिलदारपणानं मांडला. तो लक्षात ठेवा. मी ठेवला.

निवड करायची रीत आबांनी सुचवली. पितळी ताटात सुपाऱ्या मांडायच्या, एक उचलायची, वाजवणाऱ्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि ती आपल्यासमोर ठेवायची. बँडवाल्यांच्या धंद्यात ठरलेल्या कामाला सुपारीच म्हणतात. आता सगळं फोनवर ठरतं, पण आबांच्या उमेदीत यजमान खरोखरची सुपारी मास्तरच्या हातात ठेवायचा. त्यानं मूठ मिटली की काम पक्कं. काम नको असेल तर त्यानं ती तिथल्या तिथे देणाऱ्याच्या हातात परत ठेवायची. आबा आम्हा बहिणींना लहानपणापासून सांगायचे, "घेतली की ऊन-पाऊस बघायचा न्हाय. घ्यायची नसंल तर हातात परत द्यायची. लोकाला टांगून ठेवायचं न्हाय."

तर ताटात सुपाऱ्या मांडल्या आणि आमची निवड रंगली. आबा त्याच खोलीत खिडकीपाशी खुर्चीवर बसून अडकित्त्यानं स्वतःची सुपारी कातरत होते. त्यांना अलीकडे कमी ऐकू येतं, म्हणून कुणी त्यांच्याकडे फारसं बघत नव्हतं. शेवटी सगळ्यांचे चार चार झाले आणि ताटात एक सुपारी उरली.

"ही कुणाची?" कंग्राळीवाल्यानं विचारलं.

"मामांचा बँड ऱ्हायला की," गुरुजी म्हणाले. "कुणाला बदलून घ्यायचा असंल तर बघा."

"ऱ्हाऊ द्या हो गुरुजी," दाजी म्हणाले आणि मांडीवर थाप मारून हसले. "मयतीचं गुण धरायचं न्हाय असं ठरलंय न्हवं? मग त्येला घिऊन करायचं काय? त्यो बँड मयतीलाच बरा."

गुरुजी थोडे हसले. आण्णांनी मान खाली घातली. कंग्राळीवाला सुपारीकडे बघत बसला. आणि अडकित्त्याचा आवाज थांबला. फार नाही, एक घोट पाणी प्यायला लागतं तेवढाच वेळ. मग पुन्हा कट कट सुरू झालं. दाजींना वाटलं म्हाताऱ्यानं ऐकलं नाही. मी मात्र त्या अडकित्त्याकडेच बघत होते.

त्या संध्याकाळी आबांनी क्लॅरिनेट पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटी ट्रंकेत. दुसऱ्या दिवशी काढलं नाही. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाले, "दात हलतोय. फुंकाय येईना." दात कुठलाही हलत नव्हता. गणपतीत बँडची माणसं बोलवायला आली, तर त्यांना म्हणाले, "तुमी जावा, माझ्याबिगार." ती गेली. परत कुणी म्हातारं गेलं की यायची, आबा दाराशीच त्यांना चहा पाजून परत पाठवायचे. संध्याकाळी आमच्या गल्लीत कुकर कधी लावायचा ते बायकांना कळेनासं झालं.

मी आक्काला फोन केला. ती माझ्याहून मोठी, आणि लग्नापासून दोन घरांच्या मधोमध उभी. म्हणाली, "त्यांच्या पोटात काय नसतं गं. बोलून गेले."

"पोटात नव्हतं तर तोंडात कुठनं आलं?" मी म्हटलं.

"आता जावयाला काय बोलणारैस? गप बस गं बाई."

हेच तर दुखणं होतं. जावई म्हणजे दहावा ग्रह. तो आला की ताटाखाली पाट, पाटाभोवती रांगोळी, आणि तो काहीही बोलला तरी आपण हसायचं. आबा त्यांना एक शब्द बोलले नसते, आणि मला बोलू दिलं नसतं. भांडता येत नव्हतं म्हणून मी डूख धरून बसले. भांडण निदान एका दिवसात संपतं.

त्या वर्षी खेळ दाजींनी जिंकला. आण्णांनी दुकानातली एक तडा गेलेली झांज पाटीवर ठोकून दिली, तीच ती सोफ्यावरची. दाजींनी तिचा फोटो ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी टाळ्या टाकल्या. मीही टाकल्या. टाळ्या टाकताना मला एवढंच हवं होतं, की या माणसानं आबांच्या बँडचं नाव स्वतःच्या तोंडानं, मोठ्यानं, आबांच्या समोर मागावं. जो बँड त्यानं ताटात टाकून दिला होता, त्याच्यासाठी त्याला हात पुढे करावा लागावा. ते झालं तर कदाचित ट्रंक उघडेल, असंही मला वाटत होतं. पण खरं सांगायचं तर ट्रंकेआधी माझ्या डोळ्यांसमोर दाजींचं तोंड यायचं.

पुढच्या आषाढात मी ग्रुपवर एक नवा नियम मांडला. गेल्या गणपतीत पोलिसांनी ठिकठिकाणी बॉक्स बंद केले होते आणि कुणाला किती गुण द्यायचे यावरून आमची बरीच वादावादी झाली होती. तेव्हा यंदा प्रत्येकाच्या संघात एक तरी बँड बिनभोंग्याचा असावा, नुसत्या फुंकायच्या वाद्यांवर आणि ढोलावर चालणारा. तो नसेल तर संघ बाद. मी लिहिलं की जुनी कला टिकली पाहिजे. असलं वाक्य लिहिलं की कुणी नाही म्हणत नाही. सगळ्यात आधी अंगठा टाकला तो दाजींनी, त्यांना जुन्या कलेचा कैवारी म्हणवून घ्यायला आवडतं.

नियम मांडण्याआधी मी हिशेब केलेला होता. खानापूरपासून कोगनोळीपर्यंत आमच्या माहितीत असे चालते बँड पाचच उरले होते. आम्ही पाच जण. दाजी शेवटी निवडणार. आबांचा बँड मला घेता येत नव्हता. राहिले तिघे. त्यांनी तो सोडला की दाजींच्या वाट्याला दुसरं काही उरणारच नव्हतं.

गुरुजींना पटवायला वेळ लागला नाही. गणिताच्या माणसाला डाव दिसला की तो खूश होतो. आण्णा मात्र दुकानात पातेली उतरवता उतरवता थांबले आणि म्हणाले, "मी तर मामांचाच बँड पहिला घेणार हुतो. बरं वाटंल त्यांना."

"तसं बरं वाटून उपयोग न्हाय, आण्णा," मी म्हटलं. "ज्यानं टाकलाय त्यानंच उचलाय पायजे."

आण्णांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. जैन माणूस, मुंगी चुकवून पाय टाकणारा. त्यांना माझा हा रंग आवडला नव्हता. मग ते स्वतःशीच "होगली बिडु" म्हणाले, म्हणजे जाऊ दे, आणि पुन्हा पातेल्यांकडे वळले.

कंग्राळीवाल्याला मी काही सांगितलं नाही. तो दाजींचा जिवलग. त्याला सांगणं म्हणजे दाजींना सांगणं. तेवढी एक जागा मी उघडी सोडली, आणि श्रावणातल्या त्या रविवारी ताट मांडलं तेव्हा माझे डोळे त्याच्याच हातावर होते.

सगळं मागच्या वर्षीसारखंच. ताट, सुपाऱ्या, खिडकीपाशी आबा, त्यांच्या हातात अडकित्ता. आक्का आत चहा टाकत होती. मी खानापूरकडचा एक बँड घेतला. गुरुजींनी दुसरा. आण्णांचा हात सुपारीवर जाऊन अडखळला, त्यांनी आबांकडे पाहिलं, मी आण्णांकडे पाहिलं. त्यांनी सुस्कारा सोडून तिसऱ्याचं नाव घेतलं. मग कंग्राळीवाला. त्यानं बराच विचार केला. सुपारी उचलली, बोटांत फिरवली. आणि चौथ्याचं नाव घेतलं.

दाजी तोवर मजेत होते. बेंजो, पथकं, जे जे गाजणार ते आपल्याला कसं मिळेल याच्या गणितात होते. शेवटच्या फेरीत गुरुजी शाळेतल्या आवाजात म्हणाले, "तुमचा बिनभोंग्याचा ऱ्हायलाय," तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे बघितलं. मी पदर सारखा केला.

"आपण अदलाबदल करूया," ते मित्राला म्हणाले. "माझा बेंजो घे. सगळ्यात भारी हाय. तुझा बँड मला दे."

बेंजो खरंच भारी होता. मी श्वास धरून बसले.

कंग्राळीवाला म्हणाला, "न्हाय."

"का रं?"

"आमची आज्जी गेल्ती तवा मुसळधार पाऊस हुता. बोलिवलेला एक बँड आला न्हाय. मामा माणसं घिऊन निपाणीस्नं आलते. चिखलातनं मसणवट्यापतोर वाजवत." तो ताटाकडे बघूनच बोलत होता. "गेल्या साली तू मयतीचा बँड म्हणालास. मी गप बसलो. पर घेतलेला बँड मी तुला देणार न्हाय."

म्हणजे डूख धरणारी मी एकटी नव्हते. मला इतका आनंद झाला की मी खाली बघितलं, नाहीतर तोंडावर दिसला असता.

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. दाजींनी उरलेली सुपारी उचलली आणि पुटपुटल्यासारखं आबांच्या बँडचं नाव घेतलं.

"मोठ्यानं, दाजी," मी म्हटलं. "आबांना कमी ऐकू येतंय."

ते मोठ्यानं म्हणाले. तेवढ्यात मी वर्षभर घोकलेलं दुसरं वाक्यही बोलून घेतलं. "मास्तर समोरच बसल्यात. रीतीनं त्यांच्या हातात द्या की."

"व्हय व्हय, रीत हाय ती," गुरुजींनी दुजोरा दिला.

दाजी उठले. अंगानं भरलेला माणूस, मांडी घालून बसला की उठताना त्याला जमिनीला हात टेकावे लागतात. तसे हात टेकून उठले, खिडकीपाशी गेले आणि आबांसमोर वाकले. "मामा, ह्या साली तुमी आमच्या संघात," असं म्हणून त्यांनी सुपारी आबांच्या हातावर ठेवली. मला त्यांची पाठ दिसत होती आणि ती पाठसुद्धा मला गोड लागली. माझा डाव इथवरच होता. यापुढचं मी काहीच ठरवलेलं नव्हतं.

आबांनी अडकित्ता मांडीवर ठेवला. सुपारी उलटीपालटी करून बघितली. मग दाजींचा हात हातात घेतला, सुपारी त्यांच्या तळव्यावर ठेवली आणि त्यांची बोटं एकेक करून तिच्यावर मिटवली.

"जावईबापू, ही परत घ्या," ते म्हणाले.

दाजी हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "का वो मामा? काय चुकलं?"

"चुकलं काय न्हाय," आबा म्हणाले. गिऱ्हाइकाशी बोलावं तसा त्यांचा आवाज होता, न चढलेला, न उतरलेला. "मयत असंल तर सांगा. येतो."

आणि अडकित्ता उचलून ते पुन्हा कातरायला लागले.

आक्का चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. दाजींच्या हातात ती सुपारी तशीच होती, ती कुठे ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं. मी वर्षभर डाव मांडला, माणसं पटवली, नियम बदलले, आणि म्हाताऱ्यानं माझ्या नाकासमोरून माझा सूड उचलून नेला. त्याचा हक्कच होता. अपमान त्याचा होता, माझा नव्हता.

"संघ बाद," गुरुजी शेवटी म्हणाले, कारण नियम वाचल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

दाजी चहा न घेता निघाले. जावई आमच्या घरातून चहा न घेता गेला असं पूर्वी कधी झालं नव्हतं. फाटकाशी आक्कानं माझा हात धरला. मला वाटलं आता ती मला बोलणार.

"झालं समाधान?" तिनं विचारलं.

"व्हय," मी म्हटलं. आक्काशी मी खोटं बोलत नाही.

ती काही वेळ माझा हात सोडेना. मग हळूच म्हणाली, "ती झांज रोज मीच पुसत हुते गं." आणि गाडीत जाऊन बसली.

ऊन उतरल्यावर मी आत भात धूत होते, तेव्हा ट्रंकेची कडी वाजली. मी हलले नाही. बराच वेळ नुसती खुडबुड. मग एक सूर आला आणि मधेच फाटला. पुन्हा आला, पुन्हा फाटला. वर्षभर न फुंकल्यावर ओठ ऐकत नाहीत. आबांनी मनातल्या मनात कुणाला तरी शिवी दिली असावी, कारण मधे थोडी शांतता गेली. मग तिसऱ्यांदा धरला तो सूर टिकला, आणि त्याच्या मागून दुसरा आला. शेजारच्या घरात कुकरचं झाकण लागल्याचा आवाज मी ऐकला.

एव्हाना दाजी अनगोळला पोचले असतील, सोफ्यावर बसले असतील, असा मी अंदाज केला. हात पुसले आणि त्यांना फोन लावला. त्यांनी उचलला. मी फोन खिडकीकडे धरला.

"हॅलो," दाजी म्हणाले. "हॅलो?" मग ते थांबले. आबांनी आता गाणं धरलं होतं. थोड्या वेळानं दाजींचा बारीक आवाज आला, "कोण गेलं?"

"कुणी मेलेलं न्हाय, दाजी," मी म्हटलं. "असंच वाजवाय लागल्यात."

आणि फोन तसाच धरून ठेवला.